यान वोल्को : साठ मीटरचा विजेता, दोनशे मीटरचा गडी

प्रश्न असा आहे : ‘स्लोव्हाकियाचा यान वोल्को २०१९ मध्ये ६० मीटरमध्ये युरोपचा इनडोअर विजेता झाला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पुढे १०० मीटरमध्ये तो जगात नाव काढेल असं वाटलं होतं, पण टोकियो ऑलिंपिकमध्ये तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. असं का व्हावं? आणि त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणायचं का?’

विचारणारा बी.पी.एड.चा विद्यार्थी आहे आणि स्वतः १०० मीटर धावतो. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. पंचवीसेक वर्षं पोरांना ब्लॉकवर, म्हणजे शर्यत सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यावर, बसवतोय, हातात स्टॉपवॉच घेऊन उन्हात उभा राहतोय. वोल्कोला मी कधी भेटलेलो नाही. पण ज्याचे आकडे वर्गात फळ्यावर लिहून शिकवावं असे मोजकेच धावपटू असतात, आणि हा त्यातला एक आहे.

आधी नावाचं. आपल्याकडे समालोचक ‘जान’ म्हणतात. स्लोव्हाक भाषेत तो उच्चार ‘यान’ होतो.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १९९६ चा, ब्रातिस्लाव्हाचा. म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची फाळणी होऊन स्वतंत्र स्लोव्हाकियाला चार वर्षंही झाली नव्हती. देशाची लोकसंख्या जेमतेम ५४ लाख. आपल्या पुणे शहरात आणि आसपास एवढी माणसं सहज निघतील. आणि हा देश वेगासाठी ओळखला जाणारा नव्हेच. तिथल्या ॲथलेटिक्सचा कणा म्हणजे चालण्याची शर्यत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये योझेफ प्रिबिलिनेत्सने २० किलोमीटर चालण्याचं सुवर्ण जिंकलं, २०१६ मध्ये रिओत मातेय टोटने ५० किलोमीटरचं. कोशित्सेची मॅरेथॉन १९२४ पासून चालू आहे, युरोपातली सर्वांत जुनी. तास न् तास अंग शिजवत ठेवणाऱ्यांचा हा देश. अशा मुलखात सहा-साडेसहा सेकंदांत काम उरकणारा पोरगा निघाला याचंच तिथल्या लोकांना अप्रूप होतं.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेलं आहे : जो ६० मीटर जिंकतो तो मुळात ‘स्टार्ट’चा माणूस, आणि १०० मीटर ही त्याची पुढची पायरी. वोल्कोच्या बाबतीत मला हे दोन्ही पटत नाही. माझं मत असं की तो मुळात २०० मीटरचा धावपटू आहे. हिवाळ्यात छताखाली त्याच्यापुढे ६० मीटरशिवाय दुसरा दरवाजाच नव्हता, म्हणून त्याचं सगळ्यात चमकदार पदक त्या दारातून आलं. हे असंच हवेत बोलत नाही, आकड्यांनी दाखवतो.

त्याच्या तीन सर्वोत्तम वेळा घ्या. ६० मीटर ६.५५, १०० मीटर १०.१३, २०० मीटर २०.२४. तिन्ही स्लोव्हाक राष्ट्रीय विक्रम. आता १०० ची वेळ दुप्पट करा : २०.२६. त्याची २०० ची वेळ त्याहून दोन शतांशांनी कमी आहे. हा माझा जुना, साधा हिशोब आहे आणि पोरगा कोणत्या जातीचा आहे हे तो पाच मिनिटांत सांगतो. २०० मीटरमध्ये अर्धी शर्यत वळणावर जाते, तिथे वेग थोडा मार खातो. पण दुसरे १०० मीटर उडत्या वेगात मिळतात, ब्लॉकमधून शून्यापासून सुटायचं नसतं. नफा आणि तोटा एकमेकांना खातात. ज्याची २०० ची वेळ १०० च्या दुपटीच्या आसपास बसते त्याच्याकडे वेग टिकवायची ताकद आहे असं समजायचं. उसेन बोल्ट बघा : ९.५८ दुप्पट १९.१६, आणि त्याचा २०० चा विक्रम १९.१९. तीन शतांशांचा फरक. उलट बाजूला इटलीचा मार्सेल जेकब्स. १०० मीटर ९.८०, त्याची दुप्पट १९.६०, पण २०० ची त्याची वेळ २०.६१. एक सेकंदाहून जास्त अंतर. जेकब्स २०० फारसा धावलाच नाही हे खरं, पण का धावला नाही हेही त्यातूनच कळतं.

म्हणजे वोल्कोचा साचा जेकब्सपेक्षा बोल्टच्या जवळचा. हसू नका, वेगाची पातळी म्हणत नाही, साचा म्हणतोय.

आणखी एक वजाबाकी करून बघा. १०.१३ मधून ६.५५ काढा. उरतात ३.५८. शेवटच्या चाळीस मीटरना ३.५८ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ११.२ मीटर. दोन वेगळ्या शर्यतींच्या वेळा एकमेकींतून वजा केल्या आहेत, एक छताखालची आणि एक वाऱ्यातली, त्यामुळे हे मोजमाप ओबडधोबड आहे. तरी कल्पना येते. आता चीनचा सू बिंगत्यान. टोकियोच्या सेमीत त्याने ९.८३ धावून आशियाला थक्क केलं, त्यातले पहिले ६० मीटर ६.२९ मध्ये. उरलेले चाळीस ३.५४ मध्ये. म्हणजे शेवटच्या चाळीसात सू आणि वोल्को यांच्यात हिशोबाने चारच शतांशांचा फरक पडतो. पहिल्या साठात मात्र पाव सेकंदाहून जास्त! ज्याला आपण ‘साठ मीटरचा राजा’ म्हणतोय त्याचं खरं दुखणं पहिल्या साठातच होतं. वर्गात हे लिहिलं की पोरं दोनदा फळ्याकडे बघतात.

मग अशा माणसाने ६० मीटरमध्ये युरोप जिंकला कसा?

२०१७ च्या मार्चमध्ये बेलग्रेडला युरोपियन इनडोअर झाली. वोल्को वीस वर्षांचा. ६.५८ धावून रौप्य. जिंकला ब्रिटनचा रिचर्ड किल्टी, ६.५४. किल्टी म्हणजे ६० मीटरचा अस्सल मुरलेला माणूस, २०१४ चा जागतिक इनडोअर विजेता, युरोपचा आधीचाही विजेता. त्याच्यामागे चार शतांशांनी येणं हे विशीतल्या पोरासाठी हरणं नव्हतं. दोन वर्षांनी, २०१९ च्या मार्चमध्ये ग्लासगोला, वोल्को ६.६० मध्ये जिंकला. दुसरा तुर्कस्तानचा एमरे झाफेर बार्न्स ६.६१. तिसरा नेदरलँड्सचा योरिस व्हान गूल ६.६२. तिघं मिळून दोन शतांशांत. रेषेजवळ सेकंदाला अकरा मीटरच्या वेगाने एक शतांश म्हणजे अकरा सेंटीमीटर, आपली अर्धी वीत. सुवर्ण आणि कांस्य यांच्यात एक वीत. तेवढी जागा छाती पुढे टाकण्यात जाते, डोळा मिटण्याआधी.

आणि हेही लक्षात घ्या की ६.६० ही वेळ त्याच्या स्वतःच्या दोन वर्षांपूर्वीच्या रौप्यपदकाच्या वेळेपेक्षा कमी वेगाची होती. रौप्य ६.५८ ला, सुवर्ण ६.६० ला! युरोपचा ६० मीटरचा इनडोअर विक्रम तेव्हा ब्रिटनच्या ड्वेन चेंबर्सच्या नावावर होता, ६.४२. म्हणजे ग्लासगोत वोल्कोने त्या दिवशी समोर होते त्यांना हरवलं. विजेतेपदाचा अर्थ तेवढाच असतो आणि तो कमी नाही. पण त्यावरून १०० मीटरचं भविष्य सांगायला जाणं म्हणजे मुहूर्तावरून नवरा-नवरीचा स्वभाव सांगण्यासारखं आहे. त्याच विजेतेपदाची पुढची नोंद बघा : २०२१ ला पोलंडमधल्या तोरुन्यात जेकब्सने ते ६.४७ मध्ये घेतलं आणि त्याच उन्हाळ्यात टोकियोत १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. नाव तेच, पदक तेच, पण आत तेरा शतांशांचं अंतर. आपल्या हिशोबात सहा-सात विती.

आता ‘दुसरा दरवाजाच नव्हता’ हे जे म्हटलं त्याचं सांगतो. इनडोअर ट्रॅकचा एक फेरा २०० मीटरचा असतो. वळणं आखूड, म्हणून उतरती बांधलेली. आतल्या लेनमध्ये जो पडला त्याचं वळण इतकं आवळलेलं की त्याची शर्यत चिठ्ठीतच हरलेली असायची. अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. शेवटी २०० मीटर ही शर्यत मोठ्या इनडोअर स्पर्धांतून काढून टाकली. जागतिक इनडोअरला ती शेवटची २००४ मध्ये बुडापेस्टला झाली, युरोपियन इनडोअरला २००५ मध्ये माद्रिदला. वोल्को तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्या पिढीतल्या २०० मीटरवाल्याला हिवाळ्यात दोनच पर्याय उरले : ६० मीटर किंवा ४०० मीटर. ४०० चं शरीर वेगळं, यातना वेगळ्या. मग ६० च.

मध्य युरोपात हिवाळा आपल्यासारखा गुलाबी नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी बाहेर ब्लॉक ठोकून धावण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे धावपटूचं वर्ष दोन तुकड्यांत पडतं, हॉलमधलं आणि मैदानावरचं. पण एक सोय मोठी आहे. ब्रातिस्लाव्हातून व्हिएन्ना साठेक किलोमीटर. बुडापेस्ट, ओस्त्रावा, प्राग गाडीने काही तासांवर. सकाळी निघा, संध्याकाळी स्पर्धा धावा, रात्री घरी जेवायला. ओस्त्रावाच्या ‘झ्लाता ट्रेत्रा’ या स्पर्धेला तर बोल्ट वर्षानुवर्षं येऊन धावला आहे. आमच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक टायमिंगची चांगली स्पर्धा धावायची तर रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी बघावं लागतं. छोट्या देशाचा हा फायदा कुणी मोजत नाही. देश छोटा असला तरी शेजार श्रीमंत आहे.

वोल्कोची माझ्या लेखी सगळ्यात खरी स्पर्धा ग्लासगो नव्हेच. ती २०१७ च्या जुलैतली, पोलंडमधल्या बिदगोश्चची, २३ वर्षांखालील युरोपियन. तिथे १०० मीटरमध्ये १०.१८ धावून रौप्य आणि २०० मीटरमध्ये २०.३३ धावून सुवर्ण. हिवाळ्यात रौप्य, उन्हाळ्यात दुहेरी कमाई, आणि सुवर्ण आलं ते २०० मध्ये. तोवर त्याची प्रशिक्षक नाद्या बेंदोवा होती. महिला प्रशिक्षकाच्या हाताखाली पुरुष स्प्रिंटर तयार होणं आपल्याकडे अजूनही भुवया उंचावण्याचा विषय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हे १०.१८ आणि २०.३३ आकडे जरा लक्षात ठेवा. आपल्या अनिमेष कुजुरने २०२५ मध्ये ग्रीसमध्ये १०.१८ धावून भारताचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच वर्षी गुमीच्या आशियाई स्पर्धेत २०.३२ धावून कांस्य घेतलं. जवळजवळ तोच जोड! म्हणजे ५४ लाखांच्या देशातला वीस वर्षांचा पोरगा २०१७ मध्ये जिथे उभा होता तिथे आपण २०२५ मध्ये पोचलो. यात रडण्यासारखं काही नाही. उलट अनिमेषबद्दल अंदाज बांधायचा असेल तर वोल्कोचे पुढचे चार उन्हाळे नीट वाचावेत, एवढंच सुचवतो.

तर ते पुढचे उन्हाळे.

२०१८ हे त्याचं सर्वोत्तम वर्ष. १०.१३ आणि २०.२४ दोन्ही त्याच वर्षाचे. २०१९ च्या मार्चात ग्लासगोचं सुवर्ण. आता तेवीसकडे निघालेला, युरोपचा विजेता, अंगात २०० ची ताकद. कुठल्याही प्रशिक्षकाने २०२० च्या वहीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं : हिवाळ्यात नानजिंगला जागतिक इनडोअर, उन्हाळ्यात टोकियो, ऑगस्टच्या शेवटी पॅरिसला युरोपियन स्पर्धा. आणि कोविड आला. नानजिंग पुढे ढकलली ती थेट २०२५ ला झाली. टोकियो एक वर्ष लांबलं. पॅरिसची युरोपियन स्पर्धा रद्दच झाली. २०१८ च्या बर्मिंगहॅमनंतर जागतिक इनडोअर स्पर्धा झाली ती २०२२ ला. ६० मीटरच्या युरोपियन विजेत्याला जगापुढे आपली वेळ ठेवायला मधल्या चार वर्षांत जागतिक इनडोअरचं मैदानच मिळालं नाही.

सगळ्यांचंच वर्ष बुडालं, मान्य. पण तेवीस-चोवीसचं वर्ष स्प्रिंटरचं भरात यायचं वर्ष असतं. मॅरेथॉनवाल्याचं एक वर्ष गेलं तर पुढे सात मिळतात.

टोकियोच्या प्रवेशाचं गणित तर मला चटका लावून जातं. पुरुषांच्या २०० मीटरसाठी थेट प्रवेशाची वेळ ठेवली होती २०.२४. शतांशासकट वोल्कोचा राष्ट्रीय विक्रम! पण ती वेळ त्याने २०१८ मध्ये दिली होती आणि पात्रतेचा काळ सुरू झाला मे २०१९ पासून. म्हणजे अंगात होतं ते तारखेत बसलं नाही. १०० मीटरची मर्यादा होती १०.०५, त्याच्या सर्वोत्तम वेळेच्या आठ शतांश पुढे. थेट वेळ नसली तरी जागतिक क्रमवारीतून वर जाता येतं, पण त्यासाठी वर्षभर स्पर्धांमागून स्पर्धा धावून गुण गोळा करावे लागतात. ज्याने पात्रता वेळ आधीच खिशात टाकली तो मे-जूनमध्ये शांतपणे सराव करतो. ज्याला गुण हवेत तो त्याच महिन्यांत विमानतळ बघत फिरतो आणि ऑलिंपिकला पोचेपर्यंत पाय रिकामे होतात. कुणाच्याही बाबतीत हे घडतं. टोकियोत १०० च्या पहिल्या फेरीत वोल्को बाहेर पडला यात मला धक्का बसला नाही तो म्हणूनच.

आणि मर्यादा तिथेच थांबली नाही. पॅरिस २०२४ साठी १०० ची वेळ १०.०० आणि २०० ची २०.१६ झाली. पायातले नवे फोम आणि कार्बनच्या प्लेटवाले स्पाइक्स आल्यापासून जगभरच्या वेळा खाली आल्या. त्यामुळे २०१८ चं २०.२४ आणि आजचं २०.२४ ही एकच वेळ नव्हे. जुन्या स्पाइक्सवरचं ते नाणं आहे. आजच्या भावात त्याची किंमत थोडी जास्तच धरायला हवी. किती जास्त, यावर प्रशिक्षकांची रात्रभर भांडणं होऊ शकतात.

आता एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही : रिले. छोट्या देशाच्या स्प्रिंटरला सगळ्यात मोठी मार तिथे बसते. किल्टीचंच घ्या. वैयक्तिक शर्यतीत उन्हाळी ऑलिंपिकचं पदक त्याला मिळालेलं नाही. पण ब्रिटनकडे १०० मीटर दहा सेकंदांच्या आसपास धावणारे अर्धा डझन लोक, त्यामुळे तो ४ बाय १०० च्या संघात. टोकियोचं त्यांचं रौप्य सहकाऱ्याच्या उत्तेजकामुळे काढून घेतलं गेलं, पण पॅरिसमध्ये प्राथमिक फेरी धावून त्याला कांस्य मिळालं. जेकब्सला तर टोकियोत रिलेचंही सुवर्ण मिळालं. मधल्या पातळीच्या स्प्रिंटरची कारकीर्द रिले सांभाळते. पैसा, शिबिर, फिजिओ, सरावाला शेजारच्या लेनमध्ये बरोबरीचा माणूस, सगळं रिलेमागून येतं. वोल्कोच्या मागे त्याच्या तोडीचे तीन स्लोव्हाक नव्हते. एकटा माणूस बॅटन कुणाला देणार?

सरावाला बरोबरीचा माणूस नसणं ही गोष्ट तुम्ही स्वतः धावत असाल तर तुम्हाला मी काय सांगू. माझ्याकडे एक पोरगा होता, तालुक्यात त्याच्या आसपास कुणी नव्हतं. दोन वर्षं त्याची वेळ हलली नाही. मग त्याला मोठ्या ग्रुपमध्ये पाठवलं, तिथे रोज हरला, आणि तीन महिन्यांत दोन दशांश खाली आला. घरी जिंकत राहिला असता तर तिथेच राहिला असता.

स्लोव्हाकियातला दुसरा आधार म्हणजे लष्कर. बान्स्का बिस्त्रित्साचं ‘दुक्ला’ हे लष्करी क्रीडा केंद्र खेळाडूंना नोकरीवर घेतं, चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून. आपल्या पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची ओळख असणाऱ्यांना ही रचना लगेच कळेल. त्याच बान्स्का बिस्त्रित्साला अलीकडे नवा ट्रॅक मिळाला, २०२२ ला युवा युरोपियन ऑलिंपिक महोत्सव आणि २०२४ ला १८ वर्षांखालील युरोपियन स्पर्धा तिथे झाल्या. वोल्को लहान असताना यातलं काही नव्हतं.

इथे थोडं आडरानात शिरतो, कारण वोल्कोला ‘पहिला स्लोव्हाक स्प्रिंटर’ म्हणणाऱ्यांना एव्हा ग्लेस्कोवा ठाऊक नसते. चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने धावणारी ही स्लोव्हाक बाई. १ जुलै १९७२ ला बुडापेस्टमध्ये १०० मीटर ११.० मध्ये धावली आणि तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी तिने बरोबरी केली. त्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिक फायनलमध्येही ती होती, आठवी आली.  पण तिचं ते ११.० हाताच्या घड्याळाचं होतं. पंच बंदुकीचा धूर बघून बटण दाबतो, त्याच्या बोटाचा उशीर धावपटूच्या खात्यात जमा होतो. हाताची वेळ इलेक्ट्रॉनिकशी जुळवताना १०० मीटरला ०.२४ मिळवायची रीत आहे. म्हणजे ते ११.२४ च्या घरातलं. म्युनिकची फायनल पूर्व जर्मनीच्या रेनाटे श्टेखरने इलेक्ट्रॉनिक ११.०७ मध्ये जिंकली. ग्लेस्कोवाचा मान यातून कमी होत नाही, तेव्हा सगळे त्याच घड्याळावर धावत होते. पण आपल्याकडे आजही जिल्हा स्पर्धांत हाताच्या घड्याळावर १०.६ ची प्रमाणपत्रं वाटली जातात. माझा एक पोरगा ते प्रमाणपत्र घेऊन राष्ट्रीय स्पर्धेला गेला आणि इलेक्ट्रॉनिकवर ११.१४ बघून रात्रभर जेवला नाही. तुमच्या वहीत तुमची वेळ लिहिताना पुढे ‘हात’ की ‘इलेक्ट्रॉनिक’ ते लिहीत जा.

परत वोल्कोकडे. कारकीर्द वाया गेली का? बघा, तिन्ही राष्ट्रीय विक्रम, युरोपियन इनडोअरचं एक सुवर्ण आणि एक रौप्य, २३ वर्षांखालील युरोपचं एक सुवर्ण आणि एक रौप्य. ही यादी भारतातल्या एकाही पुरुष स्प्रिंटरकडे नाही. ‘वाया’ हा शब्द मला त्यात कुठेच बसवता येत नाही. मला हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. ग्लासगोच्या सुवर्णामुळे जगाने त्याला ६० आणि १०० च्या चौकटीत बसवलं, तुम्हीही तुमचा प्रश्न त्याच चौकटीतून विचारलात. मी त्याचा प्रशिक्षक असतो तर २०१९ नंतर १०० मीटर फक्त वेगाच्या तपासणीपुरती ठेवली असती आणि सगळं वजन २०० च्या वळणावर टाकलं असतं. अर्थात हे पुण्यात चहा पीत सांगणं सोपं आहे. वळणाचा सराव हॅमस्ट्रिंगला आणि घोट्याला जास्त पिळतो, आणि तीन फेऱ्या २०० च्या धावणं म्हणजे काय हे ज्याने धावलं त्यालाच ठाऊक.

त्याच्या मागून आलेल्या एम्मा झाप्लेतालोवाकडे बघितलं की माझं म्हणणं अजून स्पष्ट होईल. २००० सालचा जन्म, शर्यत ४०० मीटर हर्डल्स. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ५३.०० या राष्ट्रीय विक्रमासह कांस्य. फेम्के बोल आणि जास्मिन जोन्स यांच्यापाठोपाठ. स्लोव्हाक स्प्रिंटला जागतिक पदक मिळालं ते सुरुवातीच्या स्फोटातून नव्हे, वेग टिकवण्यातून. ४०० हर्डल्समध्ये बरोबरीच्या गर्दीची गरज थोडी कमी लागते. लय, पावलांची मोजणी, दम. चालण्याच्या शर्यतींवर वाढलेल्या देशाच्या हाडात हे असावं, असं मला आपलं वाटतं. सिद्ध करायला सांगू नका.

तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. तुमची १०० ची इलेक्ट्रॉनिक वेळ दुप्पट करा आणि २०० च्या वेळेशी ताडून बघा. फरक पाव सेकंदाच्या आत असेल तर तुम्ही चुकीच्या शर्यतीच्या प्रेमात आहात. आणि बिदगोश्चच्या २०० मीटरचा व्हिडिओ शोधून बघा, आवाज बंद करून. पहिल्यांदा बघाल तेव्हा सगळ्यांचे पाय बघाल. दुसऱ्यांदा फक्त वोल्कोचे खांदे बघा, वळण संपून सरळ रेषा सुरू होते तिथून शेवटपर्यंत. तुमचा शेवटच्या ५० मीटरचा व्हिडिओ मोबाईलवर काढून त्याच्या शेजारी लावा, आणि मग मला पाठवा.